सातव्या घराचा निल

सोलापूरच्या त्या कार्यालयात मी तीन वर्षे टंकलेखिका होते. त्या तीन वर्षांत माझ्या यंत्राच्या तीन कळा इतर कळांच्या आधी गुळगुळीत झाल्या. त्या तिन्ही मिळून एकच शब्द होई: निल. आजही एखाद्या सरकारी कागदावर तो दिसला की आधी बोटांच्या टोकांना कळते, डोळ्यांना नंतर. आणि मग ओल्या गेरूचा वास येतो. तो वास गुरुपाद अण्णांचा.

सत्तरीच्या दशकाची ती उतरती वर्षे. देवीचा रोग देशातून गेला असे सगळे म्हणत होते, पण नुसत्या म्हणण्याने भागत नव्हते. रोगी नाही, हे दर आठवड्याला घरोघर जाऊन पाहायचे, दाराशेजारच्या भिंतीवर गेरूने तारीख घालायची आणि शनिवारी कागदावर लिहून वर पाठवायचे, असा शिरस्ता होता. कागदाला चार रकाने. घराचा क्रमांक, घरातली माणसे, प्रत्यक्ष पाहिलेली माणसे, आणि शेवटचा, अंगावर फोड असलेल्यांचा. त्या शेवटच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'निल' उतरत जाई. मी कवितेच्या वर्गातून उठून थेट त्या खुर्चीवर येऊन बसलेली. मला ती पाने म्हणजे दुपारच्या वेळची, सगळी दारे लावून घेतलेली एक लांबच लांब गल्ली वाटे.

अण्णा त्या कामावरचे तपासनीस. तरुणपणी लस टोचत गावोगाव हिंडलेले. दक्षिणेकडच्या खेड्यांत म्हातारी माणसे त्यांना अजून 'देवी डॉक्टर' म्हणत. उंच, कोरडे शरीर. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, नखांत गेरू, आणि हातात बारा महिने काळी छत्री. ती ते डोक्यावर अगदी सरळ धरत, दांडा छातीच्या मधोमध. सावलीचे वर्तुळ त्यांच्याभोवती इतके नेमके पडे की दुसऱ्या कुणाला त्यात शिरायला जागाच नसे. जीपचे चालक लतीफभाई म्हणत, "अण्णा छत्री के नीचे नै चलते, बावडी के अंदर चलते." विहिरीत चालणारा माणूस. मी हसले होते. पुढे ते वाक्य आठवले की हसू येईनासे झाले.

रुजू झाल्यानंतर तिसऱ्या दिवशी त्यांनी मला शिकवले. अहवालात जिथे काही नव्हते तिथे मी आडवी रेघ टंकली होती. अण्णा कागद घेऊन माझ्या मेजाशी आले.

"बाई, ही रेघ कुणाची?"

"माझी. तिथं काही नव्हतं म्हणून."

"तुमी गेलता तितं?"

"नाही."

"मग न्हवतं, हे तुमाला कुणी सांगितलं?"

त्यांनी स्टूल ओढले आणि बोटाने मेजावर रकाने आखावेत तसे आखत, अत्यंत शांतपणे सांगितले, "रिकामी जागा म्हंजे तितलं बघणं अजून उरलंय. रेघ म्हंजे गेला, पर दारातनंच फिरला. आन् निल म्हंजे मी गेलो, वाकून आत शिरलो, समद्यांचं हात बघितलं, आन् न्हवतं. निलला बघणारा लागतो, बाई. बघणाऱ्याबिगर निल हुत न्हाय."

मी रेघा खोडल्या. त्या दिवशी प्रथमच 'निल' टंकताना वाटले की या दोन अक्षरांच्या मागे कुणीतरी उभे आहे आणि ते कुणीतरी दमलेले आहे.

अण्णांचा शब्दकोश हा असा एका शब्दाचा होता, आणि त्या शब्दाच्या छटा त्यांना वासाने कळत. मेजावर बसून लिहिलेला निल, दुसऱ्याचे ऐकून लिहिलेला निल, भीतीपोटी लिहिलेला निल. एकदा एक नवा कर्मचारी चाळीस घरांचा अहवाल घेऊन आला. अक्षर मोत्यासारखे. अण्णांनी कागद हातात धरला, वाचला नाही.

"तिसऱ्या घरात म्हातारी हुती न्हवं?"

"होती की, अण्णा."

"तिच्या हातात काय हुतं?"

तो चाचरला. "हातात... काही नसावं."

"नसावं न्हाय. हुतं का न्हवतं?"

अण्णांनी कागदाची घडी घालून त्याच्या खिशात परत ठेवली, शाळेतल्या मुलाच्या खिशात रुमाल ठेवावा तशी. "जावा. बघून या. हातात काय हुतं ते मला सांगायचं, मग निल लिवायचं." त्यांचे स्वतःचे निल असे रिकामे कधीच नसत. कुठलाही क्रमांक विचारावा: त्या घरात चुलीवर दूध उतू गेले होते; त्या घरात मुलीच्या एकाच कानात डूल होते; त्या घरात आंधळा माणूस वाती वळत होता. 'काही नाही' या शब्दाच्या पोटात त्यांनी एवढे जग साठवले होते.

त्यांची आणखी एक लकब होती. प्रश्न विचारल्यावर ते थांबत. सगळेच थांबतात, पण अण्णा उत्तराला लागेल तेवढेच थांबत, उत्तर येवो न येवो. नवी पेठेमागच्या एका बोळात मी हे पाहिले. एका घराला कुलूप होते. अण्णा कुलपासमोर उभे राहिले आणि नेहमीच्या आवाजात म्हणाले, "घरात कोण हाय?" मग मान किंचित तिरकी करून थांबले. समोरचा कापडवाला गल्ल्यावरून ओरडला, "काय अण्णा, कुलपाला इचारताय व्हय?"

"कुलूप भाईरनं असतंय," अण्णा मागे न वळता म्हणाले. "आतलं काय ठावं?"

कापडवाला हसला. मीही हसले. पण घरी येताना माझ्या लक्षात आले की वाटेतल्या प्रत्येक बंद दारासमोर माझी चाल मंदावते आहे.

या इतक्या काटेकोर माणसाच्या अहवालात एक जागा दर शनिवारी कोरी असे. मंद्रूपच्या पलीकडे, रस्ता सोडून आत, सातघरे नावाची एक वस्ती होती. महसूल खात्याच्या यादीत तिच्यापुढे 'बेचिराग' असे लिहिलेले. जिथे कुणी दिवा लावत नाही, अशी. माणूस नसलेली ती वस्ती यादीतून काढायची राहून गेली होती आणि अण्णा दर शुक्रवारी तिथे जात. सहा घरांपुढे त्यांच्या तिरप्या अक्षरात निल असे. सातव्यापुढे काहीच नसे. मी विचारले तेव्हा ते म्हणाले, "तितं अजून जबाब आला न्हाय." आणि छत्री घेऊन निघून गेले.

एकदा बाहेरून तपासणी पथक येणार असे पत्र आले आणि ही कोरी जागा एकाएकी सगळ्यांच्या डोळ्यांत खुपू लागली. आमचे साहेब तरुण डॉक्टर होते, मनाने वाईट नव्हते, पण घाईत असत. त्यांनी अण्णांना बोलावले. कागद टंकायला मी तिथेच होते.

"अण्णा, बेचिराग वस्ती आहे ती. माणूस नाही तिथं. देवी येणार कुणाला, भिंतींना?"

"सा घरांत मी आत गेलोय, साहेब. छप्पर न्हाय, कवाड न्हाय. बघितलं, आन् निल लिवलं."

"आणि सातवं?"

"सातव्यात गेलो न्हाय."

"कधीपासून?"

"एकोणीस वर्सं."

साहेबांनी पेन खाली ठेवले. "म्हणजे एकोणीस वर्षं तुम्ही तिथवर जाता आणि दारातून परत येता? मग एकदा आत जा की हो!"

अण्णा छत्रीचा दांडा चाचपत उभे राहिले.

"हे बघा," साहेब आता कठोर झाले, "तुम्ही महिनाअखेर निवृत्त होताय. मला जाता जाता वाद नको. शनिवारी त्या रकान्यात निल हवा. तुम्ही नाही लिहिलात तर बाई टंकतील आणि मी सही करीन. झालं."

अण्णांनी माझ्याकडे पाहिले. त्या डोळ्यांत राग नव्हता. पाण्याच्या काठाशी गेलेल्या मुलाकडे आपण पाहतो तशी ती नजर होती. "त्या घरावर एकदा खोटा निल लागलाय, साहेब," ते म्हणाले. "दुसऱ्यांदा लागू द्यायचा न्हाय मी."

शुक्रवारी साहेबांनी मला त्यांच्याबरोबर धाडले. साक्षीदार म्हणून, असे ते म्हणाले. खरे तर पहारा म्हणून. मंद्रूप मागे टाकून जीप धुळीच्या वाटेला लागली, आणि एका बाभळीपाशी लतीफभाईंनी ती थांबवली. "मैं गाडी के पास ठैरता, बाई," ते म्हणाले. त्यांनी वस्तीच्या दिशेला पाठ करून बिडी पेटवली.

पुढे बांधावरून चालायचे होते. ज्वारी निघून गेलेली. शेतात नुसती धसकटे, आणि त्यांच्यातून वारा जाताना कुणी दात खावेत तसा आवाज. भर दुपार. अण्णा आपल्या सावलीच्या विहिरीत माझ्या पुढे चालले होते आणि न विचारता बोलू लागले.

"असंच ऊन हुतं. ह्या भागात नवा हुतो मी. सा घरं बघून झाली, जीव नुसता पाणी पाणी करत हुता. सातव्याच्या दारात आलो. इचारलं, घरात कोण हाय? आतनं पोरीचा आवाज आला. बारीक. म्हणली, आई-बा रानात गेल्यात, एकलीच हाय मी. म्हणलं, आजारी हाय का कोण? म्हणली, कुणी न्हाय." त्यांनी वाटेतले एक धसकट पायाने बाजूला सारले. "मी दारातनंच लिवलं. निल. भिंतीवर तारीख घातली आन् गेलो."

"आणि?"

"ती निजून बोलत हुती, बाई. उठून दारात आली न्हाय. तवाच कळाय पायजे हुतं मला." पुन्हा धसकटांचा आवाज. "पंधरा दिसांनी आलो, तवा सातीच्या साती घरं गप हुती. काही माणसं देवीनं गेली, उरली ती उठून गेली. दिवा लावाय कुणी ऱ्हायलं न्हाय."

मी विचारले, "मग आत का गेला नाहीत, अण्णा? इतकी वर्षं?"

"इचारतो की दर खेपेला. जबाब आल्याबिगर दुसऱ्याच्या घरात कसं शिरायचं?" आणि मग, छत्रीच्या आतून, अगदी हळू, "आन् आला तर?"

वस्ती म्हणजे ढासळलेल्या सहा घरांचे मातीचे उंचवटे. पण ज्या भिंती उभ्या होत्या त्यांच्यावर तारखा होत्या. गेरूच्या, ओळीखाली ओळ, जुन्या फिकट होत होत मातीत विरलेल्या, नव्या ताज्या जखमेसारख्या लाल. माणसे नसलेल्या घरांना इतक्या वेळा कुणी भेट दिली असेल असे मला वाटत नाही. प्रत्येक दारापुढे अण्णा उभे राहत, विचारत, थांबत, छत्रीसकट वाकून आत जात. बाहेर येऊन लिहीत. सहा वेळा मी ते पाहिले, आणि सहाव्या वेळेपर्यंत माझी भीती बरीचशी मेली होती.

सातवे घर उभे होते. माळवद शाबूत, कवाड अर्धे लोटलेले. मला प्रथम जाणवला तो वास. कडुनिंबाचा, ओला, नुकत्याच तोडलेल्या डहाळीचा. देवी आलेल्या घरात असतो तो. मी चहूकडे पाहिले. दूरवर बाभळींखेरीज एक झाड नव्हते. मग उंबरा दिसला. सहाही घरांत गुडघाभर माती साचलेली, आणि या उंबऱ्यावर धुळीचा कण नव्हता.

अण्णा दारासमोर उभे राहिले. "मन्याग यार् इद्दीरी?" त्यांनी कानडीत विचारले, आणि मग मराठीत, "घरात कोण हाय?"

थांबले. मान तिरकी.

कुठेतरी होला घुमत होता, तो थांबला. अण्णांचा तो विराम मला तोंडपाठ होता. आता तो संपेल, आता ते वळतील, असे मी मनाशी मोजत होते. तो संपला नाही. लांबत गेला. आणि मग अण्णांनी छत्री मिटली. उन्हात त्यांची छत्री मिटलेली मी प्रथमच पाहत होते. ती त्यांनी भिंतीला टेकवली, वहाणा काढल्या, टोपी हातात घेतली आणि म्हणाले, "व्हय, आलो."

मला काहीही ऐकू आले नव्हते, हे मी शपथेवर सांगते.

ते वाकून आत गेले. आत काळोख होता; त्यांचा पांढरा सदरा दोन पावलांत विझला. मग आवाज आला, रोजचा, कामाचा.

"नाव काय तुजं, यव्वा?"

विराम.

"जेवलीस?"

विराम.

"डावा हात बघू." बराच वेळ. "आता उजवा." पुन्हा तेवढाच वेळ. "पाट कर हिकडं. हां. ताप हाय?"

मी आयुष्यात दुसरे काही नीट शिकले नसेन, पण मात्रा मोजायला शिकले आहे. छंदाच्या वर्गात आम्ही बोटांवर विरामही मोजत असू. नावाच्या प्रश्नानंतरचा विराम तीन अक्षरांचा होता. जेवलीस, यानंतरचा एकाच अक्षराचा. तापानंतरचा दोन अक्षरांचा, आणि त्यातले दुसरे दीर्घ. मी नको नको म्हणत असताना माझी बोटे अंगठ्यावर मोजत होती.

ते बाहेर आले तेव्हा डोळे मिटून आल्यासारखे चाचपडत आले. डबीतल्या गेरूत बोट बुडवून त्यांनी भिंतीवर तारीख घातली. त्या तारखेच्या वर एकच जुनी खूण होती, एकोणीस वर्षांपूर्वीची, जवळजवळ पुसलेली. तिच्यावरून त्यांनी एकदा तळवा फिरवला. मग दारातून आत पाहून, घरातून निघताना म्हणतात तसे, "बर्तीनि, यव्वा," म्हणाले. येतो गं माय. आणि थांबले. आणि हळूच मान हलवली.

मी मागे न पाहता बांधावरून पुढे चालत सुटले. माझ्या मागे अण्णांची पावले होती. मला ती मोजायची नव्हती. मी मनातल्या मनात येईल ती कविता म्हणत राहिले.

शनिवारी सकाळी वस्तीचा कागद माझ्या मेजावर आला. मी यंत्रात कोरा कागद चढवला. घर पहिले: माणसे शून्य, पाहिली शून्य, फोड निल. दुसरे, तिसरे, सहाव्यापर्यंत तेच. माझी बोटे सवयीने पुढे धावत होती, ती सातव्या ओळीवर थबकली.

घर सातवे. घरातली माणसे: एक. प्रत्यक्ष पाहिलेली: एक. अंगावर फोड: निल.

अक्षर अण्णांचे. नेहमीइतकेच तिरपे, नेहमीइतकेच स्थिर. मी मान वर केली. पलीकडच्या मेजावरून ते माझ्याकडेच पाहत होते. मला रेघेची, रिकाम्या जागेची, निलची ती पहिली शिकवणी आठवली. मी तो 'एक' टंकला. दोन्ही रकान्यांत. कळ इतकी थंड कधी लागली नव्हती.

साहेबांनी फक्त शेवटचा रकाना पाहिला. बोट वरून खाली फिरवले, निल, निल, निल, आणि सही ठोकली. "बघा अण्णा, इतकंच तर होतं!"

"व्हय साहेब," अण्णा म्हणाले. "इतकंच हुतं."

तपासणी पथक येऊन गेले. सगळे निल त्यांना पसंत पडले. बेचिराग वस्तीतल्या त्या एका माणसाबद्दल कुणी विचारले नाही.

महिनाअखेरीस अण्णा निवृत्त झाले. हार, नारळ, चिवडा, साहेबांचे छोटे भाषण. संपल्यावर मी जिन्यात त्यांना गाठले. इतके दिवस धरून ठेवलेला प्रश्न तोंडातून सांडला. "अण्णा, आत कोण होतं?"

ते दोन पायऱ्या खाली थांबले. उत्तर द्यायला लागेल तेवढा वेळ. चेहऱ्यावर काही आठवड्यांपूर्वीचा तो ताण नव्हता. एखादी जड वस्तू एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतल्यावर क्षणभर चेहरा जसा सैलावतो, तसा होता.

"आपल्या कागदात नावाचा रकाना न्हाय, बाई," ते म्हणाले, आणि उतरून गेले.

मी खिडकीशी गेले. खाली आवारात चारचे ऊन पांढरे फटफटीत पसरले होते. अण्णांनी छत्री उघडली. पण दांडा छातीच्या मधोमध नव्हता. छत्री डावीकडे कलली होती, खूप खाली, त्यांच्या कमरेपर्यंत झुकलेली. त्यांचे डोके आणि उजवा खांदा उन्हात होते, आणि सावलीचे ते नेमके वर्तुळ त्यांच्या शेजारून चालले होते. अण्णांचे लांब पाऊल आखूड झाले होते. ते मध्येच थांबत आणि मग पुन्हा निघत.

फाटकापाशी लतीफभाई जीप पुसत होते. अण्णा जवळ आले तसे त्यांनी फडके खांद्यावर टाकले, सलाम केला आणि वाट देण्यासाठी मागे सरकले. एका माणसाला लागते तेवढे एक पाऊल. मग खाली, छत्रीकडे पाहिले, आणि आणखी एक पाऊल.